बॅटरीची नाडी : घाट चढण्यापूर्वी पाहावयाचे तीन आकडे

श्रावण सुरू झाला की पुणे-नाशिक महामार्ग सोडून मंचर येथून भीमाशंकरकडे वळणाऱ्या मोटारींची संख्या वाढू लागते. घोडेगाव, डिंभे, तळेघर असा हा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता. शेवटच्या टप्प्यात वस्ती विरळ होत जाते, अभयारण्याची झाडी दाटते आणि पावसाळ्यात भरदिवसाही धुके असे उतरते, की हेडलाइट लावल्याखेरीज गाडी हाकणे धोक्याचे ठरते. वाहनतळावर पोहोचल्यावर पाऊस चुकवण्याच्या घाईत मंडळी छत्र्या उघडून पायऱ्यांकडे निघतात. दर्शन घेऊन दीड-दोन तासांनी परततात, किल्ली फिरवतात आणि इंजिनाऐवजी केवळ 'कट्‌-कट्‌' असा आवाज येतो. हेडलाइट सुरूच राहिलेले असतात.

अशा वेळी सारा दोष विसरभोळेपणाला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. एका मध्यम आकाराच्या पेट्रोल मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्यातील बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तास आहे असे समजू. जुन्या पद्धतीचे हॅलोजन हेडलाइट, मागचे दिवे व नंबर प्लेटचा दिवा मिळून साधारणपणे ११ अँपिअर प्रवाह ओढतात. दीड तासात सुमारे १७ अँपिअर-तास खर्ची पडतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर निम्मा साठा शिल्लक राहतो आणि गाडी बहुधा सुरू होते. घरून निघतानाच ती निम्मी असेल आणि वाटेत भरण्यास पुरेशी संधी मिळाली नसेल, तर काहीच उरत नाही. विसर तोच, दिवेही तेच. परंतु एक कुटुंब संध्याकाळी घरी पोहोचते आणि दुसरे धुक्यात मदतीची वाट पाहत बसते. या दोन गाड्यांमधील फरक आदल्या रात्री घराच्या वाहनतळावर, काही शे रुपयांच्या मीटरवर वाचता आला असता.

बॅटरीच्या पोटात काय घडते

मोटारीत आजही प्रामुख्याने वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी हा फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याचा १८५९ मधील शोध. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ मध्ये. त्या वर्षीच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा काळ हळूहळू मागे पडला.

बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी प्रत्यक्षात सहा घटांची साखळी असते. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा विद्युतदाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे सहांचा मिळून १२.६ व्होल्ट. घटात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या प्लेट पातळ गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या प्लेटवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पाणचट होत जाते. बाहेरून वीज दिली की ही क्रिया उलट फिरते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिली तर सल्फेटचे स्फटिक टणक होतात आणि मग ते पूर्ववत विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. बॅटरीच्या बाबतीत दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात : ती आता किती भरली आहे, आणि तिच्यात किती मावते? धरणाच्या भिंतीवरील खुणेवरून पाण्याची पातळी कळते. तळाशी गाळ किती साचला आहे, हे त्या खुणेवरून कळत नाही. बॅटरीचे व्होल्टही तसेच. त्यामुळे एकच आकडा पाहून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. आकडे तीन घ्यावे लागतात : गाडी विसाव्यात असताना, स्टार्टर फिरत असताना आणि इंजिन चालू असताना.

मीटर कोणता घ्यावा

जुन्या वाहनचालकांना डॅशबोर्डवरील अँपिअर-मीटर आठवत असेल. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडणी सुरू केलेल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवर तो असे. काटा एका बाजूला झुकला की बॅटरी भरते आहे आणि दुसऱ्या बाजूला झुकला की रिकामी होते आहे, इतके सरळ ते गणित होते. मात्र अशा मीटरसाठी जवळपास साऱ्या गाडीचा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावा लागे. दिवे, पंखे, वातानुकूलन यांची भर पडून प्रवाह वाढत गेला आणि हा मीटर मोटारींतून नाहीसा झाला. त्याच्या जागी राहिला तो बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा. हा दिवा आल्टरनेटर वीज देत नसल्याचे सांगतो. बॅटरी म्हातारी झाली आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. लाल दिवा लागत नाही म्हणून बॅटरी उत्तम, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

घरगुती तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. त्यावर २० व्होल्ट डीसी ही पट्टी निवडली की व्होल्ट दोन दशांश स्थळांपर्यंत वाचता येतात. ही सूक्ष्मता आवश्यक आहे, कारण भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या बॅटरीत अवघा पाऊण व्होल्टाचा फरक असतो. लहान काट्याच्या मीटरवर तो नीट दिसत नाही. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे छोटे व्होल्टमीटरही बाजारात मिळतात. प्रवासात लक्ष ठेवण्यास ते सोयीचे आहेत; परंतु वायरिंगमधील घटीमुळे ते प्रत्यक्षापेक्षा एक-दोन दशांश व्होल्ट कमी दाखवू शकतात. प्रथम मल्टिमीटरशी ताडून पाहावे आणि मगच त्यावर विसंबावे.

प्रवाह मोजण्यासाठी वायरभोवती अडकवावयाचा क्लॅम्प मीटर सर्वांत सुरक्षित. मात्र तो डीसी प्रवाह मोजणारा असावा. घरगुती वायरिंगसाठी वापरले जाणारे अनेक क्लॅम्प मीटर केवळ एसी प्रवाह मोजतात, त्यांचा येथे उपयोग नाही.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. मल्टिमीटरची लाल वायर अँपिअरच्या खाचेत असताना त्याची टोके बॅटरीच्या दोन टर्मिनलांना कधीही लावू नयेत. अँपिअर-मीटरचा अंतर्गत रोध नगण्य असल्याने तो थेट शॉर्टसर्किट ठरतो. मीटरचा फ्यूज जातो. फ्यूज नसलेला स्वस्त मीटर हातातच जळू शकतो. व्होल्ट मोजायचे ते टर्मिनलांच्या दरम्यान आणि अँपिअर मोजायचे ते मार्गात, हा नियम पाठ असावा.

पहिला आकडा : विसाव्याचा

गाडी रात्रभर, निदान पाच-सहा तास बंद राहिल्यावर हे मापन करावे. नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॅटरीवर चार्जिंगचा वरवरचा दाब शिल्लक असतो आणि आकडा खोटा मोठा येतो. थांबण्यास वेळ नसेल तर हेडलाइट एक-दोन मिनिटे लावून बंद करावेत आणि काही मिनिटांनी वाचन घ्यावे.

मीटरची लाल तार धन टर्मिनलवर आणि काळी ऋण टर्मिनलवर टेकवावी. १२.६ ते १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.९ किंवा त्याहून कमी आले तर बॅटरी उतरली असे समजावे. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या नव्या गाड्यांत बहुधा एजीएम किंवा ईएफबी प्रकारची सुधारित बॅटरी असते. त्यांपैकी एजीएम पूर्ण भरल्यावर सुमारे १२.८ व्होल्ट दाखवते.

मीटरवर १०.५ च्या आसपासचा आकडा दिसला तर त्याचा अर्थ वेगळा आहे. सहापैकी पाच घटांचे मिळून १०.५ व्होल्ट होतात. म्हणजे एक घट आतून मेलेला असण्याची दाट शक्यता. अशी बॅटरी चार्ज करण्यात वेळ आणि पैसा दवडू नये.

पाणी घालण्याची झाकणे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्वही पाहता येते. भरलेल्या घटात ते साधारण १.२६ ते १.२८ असते, उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या काही बॅटऱ्यांत थोडे कमी ठेवलेले असते. येथे मूळ आकड्याइतकाच घटाघटांतील फरक महत्त्वाचा. पाच घट १.२६ दाखवत असतील आणि सहावा १.२० वर अडकला असेल, तर ती साखळी त्या सहाव्या कडीपाशी तुटणार. पातळी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल घालू नये.

दुसरा आकडा : स्टार्टरच्या क्षणाचा

विसाव्यात १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरीही घाटात दगा देऊ शकते, कारण त्या वेळी तिच्याकडून कोणी काही मागितलेले नसते. खरी परीक्षा स्टार्टरची. लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून अधिक.

मीटर टर्मिनलांना लावून ठेवावा आणि दुसऱ्या व्यक्तीस इंजिन सुरू करण्यास सांगावे. निरोगी बॅटरीचा दाब या वेळी दहा-अकरा व्होल्टांच्या दरम्यान राहतो. तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी एक तर अपुरी भरलेली आहे किंवा आयुष्याच्या अखेरीस आली आहे. आधीच्या विसाव्याच्या आकड्यावरून या दोहोंतील निवड करता येते : विसाव्यात १२.२ आणि स्टार्टरवर ९.४ असेल, तर प्रथम चार्ज करून पुन्हा पाहावे, विसाव्यात १२.६ असूनही स्टार्टरवर ९.४ येत असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली. सामान्य मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनच वाचने दाखवतो, त्यामुळे क्षणिक घसरण निसटते. सर्वांत कमी आकडा धरून ठेवण्याची सोय मीटरवर असल्यास ती वापरावी.

क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर याच क्षणी बॅटरीचा अंतर्गत रोधही काढता येतो. समजा, १५० अँपिअर ओढले जात असताना दाब १२.६ वरून ११.१ वर आला. दीड व्होल्टाला १५० ने भागले की रोध येतो १० हजारांश ओहम. दोन वर्षांनी तेवढ्याच प्रवाहाला दाब ९.३ वर येऊ लागला, तर रोध २२ हजारांश ओहम झाला. वाढत्या वयाबरोबर हा रोध चढत जातो. अधिकृत सेवाकेंद्रांत बॅटरीला लावले जाणारे हातात मावणारे परीक्षक यंत्रही मुळात हीच गोष्ट निराळ्या मार्गाने मोजते.

दोष बॅटरीचाच आहे हे ठरवण्यापूर्वी जोड तपासावेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर विजेची वाट तेथेच अडते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरे त्यावर आवळलेल्या क्लिपवर ठेवून स्टार्टर मारावा. दोन दशांश व्होल्टांहून अधिक आकडा आला तर जोड सैल किंवा गंजलेला आहे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुवावा, कोरडा करून घट्ट आवळावा आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. नवी बॅटरी घेण्याचा खर्च कित्येकदा एवढ्यावर वाचतो.

तिसरा आकडा : इंजिन चालू असतानाचा

इंजिन सुरू झाल्यावर वीज पुरवण्याची जबाबदारी आल्टरनेटरकडे जाते. इंजिनाची गती थोडी वाढवून मीटर पाहावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हे सुचिन्ह. इंजिन चालू असूनही आकडा १२.६ च्या आसपासच रेंगाळत असेल तर आल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासून घ्यावे. तो सतत १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलेला आहे. बॅटरी अतिचार्ज होऊन तिचे पाणी उडते आणि उग्र वास येतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधनबचतीसाठी संगणक आल्टरनेटरचा दाब कमी-अधिक करतो. अशा गाडीत काही काळ १२.८ आणि काही काळ १४.६ दिसणे हा बिघाड नव्हे. एका वाचनावर न थांबता दहा-पंधरा मिनिटे आकडा पाहावा.

भीमाशंकरच्या वाटेवर या तिसऱ्या आकड्याला विशेष महत्त्व आहे. पावसात, धुक्यात, गर्दीच्या दिवशी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते. हेडलाइट दहा अँपिअर, वायपर चार-पाच, काचेवरील वाफ घालवण्यासाठी पूर्ण वेगाने फिरणारा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर प्रत्येकी दहा-पंधरा, शिवाय इंजिनाचा स्वतःचा खर्च. एकूण मागणी चाळीस-पन्नास अँपिअरवर जाते. लहान मोटारीचा आल्टरनेटर पूर्ण गतीला साठ-ऐंशी अँपिअर देत असला, तरी इंजिन मंद चालत असताना त्याची क्षमता बरीच घटते. उरलेला प्रवाह बॅटरीतून जातो. इंजिन तासभर चालू होते म्हणून बॅटरी भरली असेल, ही समजूत येथे उलटते. घरीच हा प्रयोग करून पाहावा : इंजिन मंद ठेवून सर्व दिवे, पंखा, वायपर लावावेत. आकडा तेराच्या वर टिकला तर चिंता नाही. तो १२.७ च्या खाली उतरला तर बॅटरी तोटा सोसते आहे. अशा गाडीने रांगेत उभे असताना मागच्या काचेचा हीटर आणि अनावश्यक उपकरणे बंद ठेवावीत.

स्टार्टरचा खर्च मात्र वाटतो तेवढा नसतो. १५० अँपिअर दोन सेकंद ओढले तर ते एक अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. दहा अँपिअरने ते अर्ध्या मिनिटात भरून निघते. बॅटरीला रिकामे करतात ते दिवे आणि दीर्घकाळची उभी गाडी.

उभ्या गाडीची गळती

शहरातील पुष्कळ मोटारी आठवडाभर उभ्या असतात आणि सुट्टीच्या दिवशीच बाहेर निघतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर असंख्य मोटारी सुरूच होईनात, त्याचे कारणही हेच. बंद गाडीतही घड्याळ, गजर व संगणक यांना थोडी वीज लागते. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती सर्वसाधारण मानली जाते. तीदेखील दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे पंधरवड्यात १७-१८ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी झालीच. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर हा काळ आणखी घटतो.

गळती मोजताना दारे व डिकी लावून, किल्ली काढून अर्धा तास थांबावे. संगणक 'झोपी' जाण्यास तेवढा वेळ लागतो. मग ऋण वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर अडकवून प्रवाह वाचावा. शंभर मिलिअँपिअरच्या पुढचा आकडा आला तर एकेक फ्यूज काढून कोणत्या शाखेत वीज मुरते आहे, हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्यावे.

घाटमाथ्यावर बॅटरी बसलीच तर

घाटमाथ्यावर मोबाइलची रेंज सर्वत्र मिळेलच असे नाही, म्हणून जंपर केबल गाडीत असणे इष्ट. प्रथम लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टर्मिनलांना, नंतर काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये, हा यामागील हेतू. अंगठी व धातूचे कडे आधी काढून ठेवावे, जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढू नये.

उतारावर गाडी सोडून गिअरमध्ये टाकून सुरू करण्याचा जुना मार्ग ओल्या घाटरस्त्यावर टाळावा. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या अशा रीतीने सुरूही होत नाहीत. गाडी सुरू झाल्यावर तासाभराच्या प्रवासात बॅटरी पूर्ण भरेल अशी अपेक्षा ठेवू नये. घरी आल्यावर ती चार्जरवर रात्रभर लावावी आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही आकडे पुन्हा घ्यावेत.

आपल्याकडे मोटारीच्या बॅटरीचे आयुष्य सामान्यतः तीन ते पाच वर्षे. ती पावसाळ्यात किंवा थंडीत बसते आणि दोष हवेला दिला जातो. प्रत्यक्षात प्लेट झिजवणारा घाव एप्रिल-मे महिन्यांतील उष्म्याने घातलेला असतो. म्हणून उन्हाळा संपताना एकदा आणि पावसाळ्यातील प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी एकदा तपासणी करावी. आकडे तारखेसह गाडीच्या कागदपत्रांतील एखाद्या वहीत लिहून ठेवावेत. एका दिवशीच्या १०.२ पेक्षा 'मागील वर्षी १०.९, या वर्षी १०.२' ही नोंद अधिक बोलकी असते. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्यातील शिसे व आम्ल दोन्ही घातक असून, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्चक्रणास पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

थोडक्यात आकडे

विसाव्यात : १२.६ किंवा अधिक – उत्तम, १२.४ – चालेल, १२.२ – चार्ज केल्याखेरीज घाट चढू नये, ११.९ व खाली – उतरलेली; १०.५ – एक घट निकामी असण्याची शक्यता.

स्टार्टर फिरताना : १० ते ११ – निरोगी, ९.६ च्या खाली – चार्ज करून पुन्हा तपासावी, तरीही तेच आल्यास बदलावी.

इंजिन चालू असताना : १३.८ ते १४.४ – योग्य, सर्व दिवे-पंखे लावून मंद गतीत १३ च्या वर – समाधानकारक, सतत १४.८ च्या वर – रेग्युलेटर तपासावा.

बंद गाडीची गळती : ५० मिलिअँपिअरपर्यंत – सर्वसाधारण, १०० च्या पुढे – कारण शोधावे.